वईवरची कर्टुली

आमच्या घराच्या मागच्या वईवर आषाढ-श्रावणात कर्टुल्याचे वेल चढतात. हिरवीगार वई, त्यात पिवळी फुलं, खाली काटेरी फळं. शहरातून आलेले पाहुणे फोटो काढतात आणि विचारतात, "काका, रोपं कुठल्या नर्सरीतून आणली?" मी म्हणतो, "रानातून." ते म्हणतात, "वा!" हे 'वा' गेली काही वर्षं माझ्या घशाखाली उतरत नाही. का उतरत नाही ते आज सांगून टाकतो.

बोईसरच्या पूर्वेला, रेल्वेच्या रुळांपासून कोसभर आत आमचं गाव. 1969 ला तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं तेव्हा मी तिसरीत होतो. मागून औद्योगिक वसाहत आली, माझ्या बरोबरीची मुलं कंपन्यांत लागली. मी 1976 ला दहावी झालो आणि भातातच राहिलो. खाली खाचरं, वर वरकस, त्याच्या वर टेकडी. टेकडी कुणाची, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. गुरं चरायची, पाड्यावरच्या वारली बायका भाजी खुडायच्या, आम्ही राबासाठी पालापाचोळा आणायचो.

2016 ला मुलानं पक्कं घर बांधलं. पुढे मोकळी जागा राहिली. बायको म्हणाली, काहीतरी फुलझाडं लावा. पालघरच्या एका नर्सरीत गेलो तर बोगनवेल, सदाफुली आणि काय काय. बोगनवेल ब्राझीलची, सदाफुली मादागास्करची. मला वाटलं, आपल्या टेकडीवर एवढं फुलतं आणि आपण पैसे मोजून परदेश घरी आणायचा? तिथून ते खूळ डोक्यात शिरलं. (खूळच म्हणायचं, कारण आमच्या देवळापाशी आजोबांच्या आधीपासून उभा असलेला खुरचाफाही अमेरिकेकडूनच आलेला. त्याला परका म्हणायची कुणाची छाती आहे?)

पहिली आणली धायटी. माघ-फाल्गुनात सगळं रान करपलेलं असतं तेव्हा ही लालेलाल होते आणि शिंजीर नावाचा चिमुकला पक्षी दिवसभर तिच्यावर लोंबकळतो. लहानपणी आम्हीही फुलं चोखायचो. तिचं बी बारीक, पावसाच्या तोंडाला मातीवर नुसतं भुरभुरलं तरी उगवतं. भारंगी लावली, तिची पानंही भाजीला, फुलंही भाजीला. पेव आपोआप पसरला. कुडा मात्र उपटून आणला तो तिन्ही वेळा मेला. त्याचं मूळ खोल जातं, तुटलं की संपलं. कळलावीला बायकोनं अंगणात येऊ दिलं नाही. घरात कळ लागते, भांडणं होतात म्हणाली. मी हसलो, पण नंतर वाटलं, ज्यानं कुणी ही समजूत पाडली तो शहाणा होता. तिचा कंद नांगराच्या आकाराचा, म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात, आणि तो भयंकर विषारी. नातवंडं खेळतात त्या अंगणात तिला जागा नकोच. ती वरकसाच्या बांधावर राहिली आहे आणि गौरीच्या दिवसांत तिथंच पेटल्यासारखी फुलते.

आता कर्टुल्याचं.

टेकडीच्या उतरणीला करवंदीच्या जाळ्या होत्या, त्यांवर दरवर्षी कर्टुली चढायची. तिथली फळं पाड्यावरची एक बाय काढायची. नाव लिहीत नाही. तिची आई आमच्याकडे लावणीला यायची, तिच्याबरोबर ही लहानपणापासून आमच्या घरची. वयानं माझ्याहून थोडी लहान. मे संपता संपता शेवळं, मग कोळीभाजी, मग कर्टुली, असा तिचा पावसाळा. 2013 ला लोकल डहाणू रोडपर्यंत आली तेव्हापासून ती पाटी घेऊन विरारपर्यंत जायची. नातवंडांच्या वह्यापुस्तकांचं त्यातूनच निघायचं.

एका श्रावणात मी टेकडीवर गेलो आणि फळं लागलेल्या वेलांपाशी, करवंदीच्या फांदीला, माझ्या जुन्या निळ्या लुंगीच्या चिंध्या बांधून आलो. वेल सुकून जातो, कंद जमिनीत झोपतो, मग कुठं खणायचं ते कळायला हवं. चैत्रात पहार घेऊन गेलो आणि अकरा कंद काढले. शेणखत घालून वईच्या कडेनं लावले. चोरी केली असं मनातसुद्धा आलं नाही. उलट आपण रान घरी आणतोय, टिकवतोय, असा अभिमान होता.

मृगाच्या पावसाला अकराच्या अकरा उगवले. वेल चढले, फुलं आली. प्रत्येक फुलाखाली इवलं फळ, आणि चार दिवसांत ते पिवळं पडून गळून जायचं. खत झालं, राख झाली, काही उपयोग नाही. एक दिवस तीच बाय वईपाशी येऊन उभी राहिली. बराच वेळ वेल बघितले. मग म्हणाली, "दादा, बाया नेल्यास, बापे ठेवलास."

मला क्षणभर कळलंच नाही. मग डोक्यात उजेड पडला. कर्टुल्यात नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. फळ फक्त मादीला, पण नराच्या परागाशिवाय ते धरत नाही. मी फळं बघून खुणा केल्या, म्हणजे निवडून निवडून माद्याच उचलल्या. पपईत नर-मादी असतं हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक. पण रानातल्या वेलाकडे मी कधी पीक म्हणून बघितलंच नव्हतं. ते आपलं फुकटचं.

टेकडीवर मादी वेल दोन-चारच उरले होते. तिला आधी वाटलं रानडुकरांनी उकरलं. मग फांदीला चिंध्या दिसल्या, आणि माझी लुंगी तर तिनं आमच्या वळणीवर वर्षानुवर्षं बघितलेली. ती भांडली नाही. "यंदा पाटी भरत नाय," एवढंच म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला. पहिली पळवाट अशी की रान काय कुणाच्या बापाचं नाही. पण 'कुणाचं नाही' हे आपण तेव्हाच म्हणतो जेव्हा ज्याचं असतं त्याच्याकडे कागद नसतो. 2006 च्या वनहक्क कायद्यात जंगलातल्या गौण उपजावर तिथं राहणाऱ्या आदिवासींची मालकी मानली आहे, आणि त्यात कंद आणि मुळंही धरली आहेत. आमची टेकडी त्या कायद्यात बसत होती की नाही हा वकिलांचा प्रश्न. पण ती बाय फळ काढायची, कंदाला हात लावत नव्हती. दहा-बारा मोठी फळं वेलावरच पिकू द्यायची, पाखरांसाठी आणि बियांसाठी. मी बांधावरचं आंब्याचं झाड सांभाळतो तसंच ती ते सांभाळत होती. फक्त तिच्या सांभाळण्याला कुंपण नव्हतं, म्हणून मला ते दिसलं नाही.

दुसरी पळवाट, झाड वाचवण्यासाठी नेलं. हे खरं असू शकतं, पण माझ्या बाबतीत नव्हतं. पांढऱ्या मुसळीच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात आपलं बोरिवली आहे. तिच्या कंदाला औषधी म्हणून भाव आला आणि कितीतरी रानांतून लोकांनी ती उपटून नेली. नेणाऱ्यांपैकी कुणीच स्वतःला चोर म्हणवलं नसेल. उलट कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जाती वाढवल्या आणि परत डोंगरांवर नेऊन लावल्या. हात दोघांनीही रानालाच लावला. एकानं न्यायला लावला, दुसऱ्यानं परत द्यायला. मी कुठल्या रांगेत उभा होतो ते मला माहीत आहे.

म्हणून पुढच्या चैत्रात सहा कंद परत नेले आणि जुन्याच जाळ्यांपाशी लावले. बाय बरोबर होती. कुठला खड्डा कुठं होता ते तिला माझ्यापेक्षा चांगलं आठवत होतं. सहापैकी चार जगले. घरच्या पाच वेलांसाठी मी संध्याकाळी, फुलं उमलायच्या वेळेला, टेकडीवरून नर फुलं पळसाच्या पानात घालून आणायचो आणि मादी फुलांना टेकवायचो. फळं धरली. पुढे पिकल्या फळांचं बी पेरलं. नर की मादी ते फूल येईपर्यंत कळत नाही. नऊ रोपं टिकली, त्यात पाच नर निघाले. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो. पण उपटायचे कसे, म्हणून पाचही ठेवले.

इथं गोष्ट संपली असती तर मी सुखी झालो असतो.

2021 च्या उन्हाळ्यात टेकडीवर पोकलेन आला. सातबारा कुणा मुंबईच्या माणसाच्या नावावर निघाला. भरावासाठी मुरूम हवा होता. दोन महिन्यांत उतरण गेली, करवंदी गेल्या, आणि आम्ही परत लावलेले चार वेलही गेले. आज तिथं उभी लाल भिंत आहे आणि पावसाळ्यात तिच्या पायथ्याशी तळं साचतं.

म्हणजे बघा, जे मी चोरलं ते वाचलं आणि जे इमानानं परत केलं ते मेलं. मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही नेलं तेच बरोबर होतं." पाहुणे म्हणतात, "तुमच्यामुळे वाचलं." वेलाच्या बाजूनं बघितलं तर खरंच आहे, नेणाऱ्याच्या मनात काय होतं याच्याशी वेलाला काय देणंघेणं? पण माझ्या बाजूनं बघितलं तर मला 2021 दिसत नव्हतं. मला माझी वई दिसत होती. पुढं पूर आला म्हणून आदल्या दिवशी नेलेली शेजाऱ्याची गाय 'वाचवली' होत नाही. आणि तरीही गाय जिवंत आहे, हेही खोटं नाही. या दोन गोष्टी मला एका दाव्याला बांधता येत नाहीत. पाच वर्षं बांधून बघतोय, सुटतात.

बायला विचारलं, कंद घेऊन जा, पाड्यावर लाव. तिच्या झोपडीभोवती हातभर जागा, तीही कोंबड्यांची. म्हणाली, "असू दे इथंच. मी येन."

तेव्हापासून श्रावणात ती येते. फाटक मी लावत नाही. बघून बघून फळं काढते, मोठी काही वेलावर ठेवते, टेकडीवर ठेवायची तशीच. आणि जाताना पाटीतली अर्धी माझ्या ओट्यावर ओतते. पहिल्या वर्षी मी म्हटलं, "बाय, सगळी ने." तर म्हणाली, "वई तुझी, वेल तुझा. अर्धली नको?"

अर्धल हा शब्द ऐकून मी गार झालो. माझ्या आज्याच्या काळी तिचे वाडवडील आमच्या खाचरात राबून अर्धं भात आमच्या खळ्यावर आणून टाकायचे. 1945 ला तलासरी-डहाणूकडे वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला तो अशाच सगळ्या देण्याघेण्यावर. आणि आता तिच्याच टेकडीवरचे, मी उचलून आणलेले वेल, आणि त्यांची अर्धल ती मला देते. मी नको म्हटलं की तिला राग येतो. "मी काय फुकट खाते?" म्हणते.

यंदाही ओतून गेली. बायकोनं रात्री कांदा आणि खोबरं घालून भाजी केली. मी दोनदा मागून घेतली.