पान उलटण्याआधी

थरारक कादंबरी हातात आली की पुढे काय होणार याची घाई होते. वर्णनं गाळत, ओळी ओलांडत आपण शेवट गाठतो. पण लेखकाने नीट अभ्यास करून विज्ञानावर लिहिलं असेल, तर मधेच एखाद्या ओळीवर पाय थबकतो. हे खरंच होऊ शकतं का? अँडी वीअर यांची ‘द मार्शियन’ वाचताना असं पुन्हा पुन्हा होतं.

मार्क वॉटनी हा अंतराळवीर मंगळावर एकटा राहतो. सुरुवातीच्या वादळात तो गेला असं समजून सोबती परतलेले असतात. अन्न पुरणार नाही, म्हणून सणाच्या जेवणासाठी आणलेले बटाटे तो लावायला घेतो. प्रत्येक फोडीला डोळा राहील अशा बेताने ते चिरतो. आपल्याकडचे शेतकरीही बेणं असंच कापतात. पण पाणी कुठून आणायचं? मागे उरलेल्या यानाच्या इंधनात हायड्रॅझिन असतं. ते इरिडियम धातूवरून सोडलं की नायट्रोजन आणि हायड्रोजन सुटे होतात. तो हायड्रोजन जाळला की पाणी तयार होतं. हायड्रॅझिनच्या एका रेणूत हायड्रोजनचे चार अणू, म्हणजे पाण्याचे दोन रेणू. शाळेत शिकलेलं रसायनशास्त्र इथे एका माणसाचा जीव तोलून धरतं. हायड्रोजन साठला तर सगळंच उडेल, हेही वाचणाऱ्याला कळत असतं. खरा थरार या हिशेबात आहे.

वीअर यांनी ही कादंबरी आधी एकेक प्रकरण करून आपल्या संकेतस्थळावर दिली. जाणकार वाचक चुका कळवत गेले आणि वीअर त्या दुरुस्त करत गेले. एक गोष्ट मात्र त्यांनी जाणूनबुजून तशीच ठेवली. सुरुवातीचं वादळ मंगळावर एवढं जोरदार होऊच शकत नाही. तिथल्या हवेचा दाब आपल्याकडच्या १ टक्क्याहूनही कमी आहे. मला ही सूट मान्य आहे, कारण पुढची पानं त्यांनी फार निष्ठेने लिहिली आहेत. आणि वादळाविषयी शंका घेणारा वाचक त्या निमित्ताने मंगळाची हवा समजून घेतो. मग तो मातीपर्यंत पोचतो. २००८ मध्ये फिनिक्स यानाला तिथल्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार सापडले. ते माणसाला अपायकारक असतात, म्हणजे बटाटे लावण्याआधी माती धुवावी लागेल!

असं थांबत वाचलं तर पुस्तक उशिरा संपतं. संपू द्यावं. रोज पाच-सहा पानं आणि त्यातली एखादी शंका, एवढं पुष्कळ झालं. आज लोकलमध्ये किंवा चहाबरोबर वाचताना अशी ओळ भेटली, तर पेन्सिलीने खूण करा. घरात नववी-दहावीचं मूल असेल तर संध्याकाळी त्याला विचारा, आणि दोघं मिळून उत्तर शोधा.