कसब आणि विवेक

सुताराकडे काम शिकायला गेलेल्या मुलाच्या हाती पहिल्या दिवशी कुणी सागवान देत नाही. आधी टाकाऊ फळी, मग पाट, मग स्टूल. दाराची चौकट त्याच्या वाट्याला येईपर्यंत दोन-चार वर्षे निघून जातात. वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी प्रथम शवापाशी उभा राहतो आणि रुग्णापाशी जातो तो ज्येष्ठ डॉक्टरांच्या नजरेखाली. शिकणाऱ्याच्या चुकीची झळ परक्या माणसाला लागू नये, अशी तजवीज बहुतेक जुन्या व्यवसायांनी करून ठेवलेली आहे. त्या सरावाच्या काळात हाताबरोबर मनही तयार होत असे, हा तिचा दुसरा लाभ. आणि तो बहुधा न बोलता पदरी पडत असे.

मोबाईलसाठी ॲप तयार करण्याची विद्या आज पॉलिटेक्निकच्या आणि पदवीच्या वर्गांतून रीतसर शिकवली जाते. आपल्यापैकी अनेकांच्या घरची मुले-मुली हा विषय घेऊन रात्र-रात्र संगणकापुढे बसलेली असतात. या विद्येत टाकाऊ फळीचा टप्पा जवळजवळ नाहीच. गूगलकडे एकदाच २५ डॉलर भरून खाते उघडावे, ठरावीक चाचणी पार पाडावी, की विसाव्या वर्षी, वर्गातल्या अभ्यासासाठी केलेले ॲप जगाच्या बाजारात जाऊन बसते. ज्याला आपण कधी पाहिले नाही आणि पाहणारही नाही, अशा माणसाच्या खिशात ते पोहोचते. तेव्हा प्रश्न असा की, जो अजून शिकतोच आहे त्याच्यावर या अनोळखी माणसाचे देणे किती? की 'मी तर विद्यार्थी, हा तर केवळ अभ्यास' एवढे म्हणून त्याला मोकळे होता येईल?

या प्रश्नाचा विचार करताना एका वर्गाची हकीकत लक्षात घ्यावीशी वाटते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात बी. जे. फॉग या संशोधकांनी १९९८ मध्ये एक प्रयोगशाळा स्थापन केली. संगणकाच्या द्वारे माणसाचे मन आणि वर्तन कसे वळवता येते, हा तिचा विषय. २००७ मध्ये त्यांनी ७५ विद्यार्थ्यांचा एक वर्ग घेतला. फेसबुकवर चालणारी छोटी ॲप तयार करायची आणि ती लोकांत पसरवायची, हाच त्यातला अभ्यास. दहा आठवड्यांच्या सत्रात त्या ॲपची संख्या नव्हे, ती वापरणाऱ्यांची संख्या १ कोटी ६० लाखांवर गेली. जाहिरातींच्या उत्पन्नामुळे काही विद्यार्थी आपल्या प्राध्यापकांहून अधिक कमावू लागले. एका गाजलेल्या ॲपचे काम काय, तर ओळखीच्या मंडळींना त्यांच्या रूपाबद्दल गुण पाठवणे! तेव्हा हे सारे संगणकाच्या पडद्यावर चालत होते. पुढच्याच वर्षी, जुलै २००८ मध्ये, ॲपलने सुमारे ५०० ॲपनिशी आपले दुकान उघडले आणि तोच खेळ माणसाच्या खिशात आला.

त्या विद्यार्थ्यांनी काही गुन्हा केला, असे मला म्हणावयाचे नाही. जे शिकवले ते त्यांनी उत्तम रीतीने आत्मसात केले. अडचण नेमकी तेथेच आहे.

अशा वेळी एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. साधन हे निर्जीव असते. कोयत्याने नारळ सोलावा की कुणावर वार करावा, हे धरणाऱ्याने ठरवायचे, लोहाराने नव्हे. युक्तिवाद जुना आहे आणि कोयत्यापुरता खराही आहे. कोयता आपण उचलेपर्यंत कोपऱ्यात पडून असतो. तो रात्री अकरा वाजता आपल्याला हाक मारीत नाही, आज तुम्ही मला हाती घेतले नाही म्हणून रुसत नाही, आपण कुठे गेलो होतो हे तिसऱ्याला कळवीत नाही. ॲप हे सर्व करते, आणि ते करावे असे कुणीतरी एके दिवशी बसून लिहिलेले असते. लोहाराचा हात कोयता विकल्यावर सुटतो. ॲप करणाऱ्याचा हात सुटत नाही. पुढचा बदल पाठवताना तो पुन्हा त्याच खिशात जातो. म्हणून येथे 'वापरणाऱ्याचे तो पाहील' हे म्हणणे अपुरे पडते.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या सहाव्या भागात कसब आणि विवेक यांत फरक केला आहे. कसबाचा संबंध वस्तू घडवण्याशी, विवेकाचा संबंध वागण्याशी. त्यात त्याने एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे: कसबाच्या क्षेत्रात जाणूनबुजून चूक करणारा हा नकळत चुकणाऱ्यापेक्षा बरा ठरतो; विवेकाच्या क्षेत्रात नेमके उलटे असते. गवयाने मुद्दाम बेसूर लावला तर त्याला सूर ठाऊक आहे हेच त्यातून दिसते. पण जाणूनबुजून अन्याय करणाऱ्याचे ज्ञान त्याला सोडवीत नाही. उलट त्याचा दोष वाढवते.

हा भेद ॲपच्या पडद्यावर ठेवून पाहावा. एका विद्यार्थ्याच्या हातून 'नको' हे बटन चुकून फिकट आणि बारीक झाले. दुसऱ्याने ते मुद्दाम फिकट आणि बारीक केले, कारण तसे केल्याने अधिक लोक 'होय' दाबतात हे त्याने तपासून पाहिले आहे. पहिला कच्चा कारागीर, पण निर्दोष माणूस. दुसरा पक्का कारागीर. आपल्या गुणपत्रिकेत दुसऱ्याला अधिक गुण पडतात, आणि त्याच्या वागण्याचा रकाना तेथे नसतोच. पदवीदान झाल्यावर आपण आई-बाप पेढे वाटतो ते याच रकान्यांच्या भरवशावर.

आता नीती शिकवली जात नव्हती काय? तसेही नाही. फॉग यांचे याच विषयावरचे पुस्तक २००३ मध्ये निघाले. त्याच्या दहा प्रकरणांपैकी आठवे मोबाईलसारख्या जवळ बाळगावयाच्या साधनांवर आहे आणि नववे संपूर्ण प्रकरण नीतीवर आहे. त्याआधी १९९९ मध्ये बर्डिचेव्हस्की आणि न्यूएनश्वांडर या दोघांनी एका लेखात असा दंडक मांडला होता की, जे करण्यास आपले मन कुणी वळवले तर आपल्याला रुचणार नाही, त्याकडे दुसऱ्याचे मन वळवणारे साधन आपण घडवू नये. म्हणजे इशारा होता, छापील होता. पण नवव्या प्रकरणापर्यंत येता येता पहिल्या आठांतली विद्या हाताला लागलेली असते, आणि हाताला लागलेली गोष्ट स्वस्थ बसू देत नाही. नीतीचा तास सत्राच्या अखेरीस एखाद्या पाहुण्या व्याख्यात्याकडून उरकण्याची आपल्याकडची पद्धत मला याचसाठी निरुपयोगी वाटते. मुले त्या तासाला मागच्या बाकावर बसून राहिलेले प्रोजेक्ट पुरे करतात. त्यांना दोष तरी कसा द्यावा?

प्रश्न धड्याच्या आत असावयास हवा. कसा, ते एका साध्या उदाहरणाने सांगता येईल. मोबाईलची विजेरी पेटवणे हा नवशिक्यांचा आवडता पाठ आहे. अँड्रॉइडच्या प्रत्येक ॲपबरोबर मॅनिफेस्ट नावाची एक फाईल असते. ॲपला फोनमधल्या कोणकोणत्या गोष्टी हव्यात, हे तिच्यात एकेका ओळीने लिहायचे असते. पूर्वी दिवा पेटवण्यासाठी कॅमेऱ्याची परवानगी लागे. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून तीही न मागता तो पेटवता येतो. माणूस कुठे उभा आहे, हे कळण्याची विजेरीला तर कधीच गरज नव्हती. तरीही डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने कोट्यवधी फोनांत शिरलेल्या एका विजेरी-ॲपवर कारवाई केली, कारण ते वापरणाऱ्यांचा ठावठिकाणा आणि फोनची ओळख जाहिरातदारांना पुरवीत होते. 'स्वीकारा' की 'नाकारा' असे विचारले जाई. पण उत्तर मिळण्यापूर्वीच माहिती निघून गेलेली असे. प्रकरण मिटवताना गोळा केलेली माहिती पुसून टाकण्याचा आदेश निघाला.

आपल्या देशातही २०२३ च्या कायद्याने, सांगितलेल्या कामाला आवश्यक तेवढीच वैयक्तिक माहिती संमतीच्या आधारे घेता येईल, असे ठरवले आहे. मात्र कायद्याचा हात कंपनीपर्यंत पोहोचतो. ती ओळ टंकित करणारी बोटे कुणा पंचविशीच्या आतल्या मुलाची किंवा मुलीची असतात. त्या बोटांना ती ओळ लिहिताना क्षणभर अडखळायला कुठे शिकवायचे? माझ्या मते तोंडी परीक्षेत. परीक्षकांनी ॲप चालते की नाही हे जरूर पाहावे आणि मग मॅनिफेस्ट उघडून एकेका ओळीवर बोट ठेवून विचारावे, 'हे कशाला हवे?' 'सरांनी दिलेल्या नमुन्यात होते' हे उत्तर ऐकायला मिळेल. तेथेच पुढचा धडा सुरू होतो.

यावर पालकांची एक शंका रास्त आहे. वर्गात असा विवेक शिकलेले पोर नोकरीत टिकेल काय? वरिष्ठांनी सांगितलेली ओळ लिहायची नाही, असे पहिल्या पगाराआधी कोण म्हणणार? घराचे कर्ज असते, धाकट्यांची शिक्षणे असतात. फॉग यांच्या वर्गात २००६ मध्ये माईक क्रीगर आणि ट्रिस्टन हॅरिस यांनी मिळून एका ॲपची कल्पना मांडली होती: उन्हात असलेल्या माणसाने, पावसाळी हवेने उदास झालेल्या मित्राला उन्हाचे छायाचित्र पाठवावे. किती निर्मळ कल्पना! पुढे क्रीगर यांनी दुसऱ्या एका सोबत्याबरोबर २०१० मध्ये इन्स्टाग्राम सुरू केले. हॅरिस गूगलमध्ये गेले. आपण लोकांचे लक्ष विचलित करणे कमी केले पाहिजे, असे सांगणारे एक टिपण त्यांनी २०१३ मध्ये सहकाऱ्यांना पाठवले. ते कंपनीभर वाचले गेले, त्यांचे कौतुक झाले, त्यांना नीतीचा विचार करण्याचे पदही मिळाले. कंपनीच्या कामात मात्र फारसा फरक पडला नाही, आणि काही वर्षांनी ते बाहेर पडले. एवढी प्रतिष्ठा असलेल्या माणसाची ही कथा. मग कंत्राटावर लागलेल्या नवख्याची काय सांगावी?

शंकेला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. नोकरीत 'नाही' म्हणण्याची किंमत मोठी असते आणि ती कुणी दुसऱ्याच्या वतीने ठरवू नये. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मात्र ती किंमत फार तर दोन गुणांची आहे. विजेरीला ठावठिकाणा नको म्हणून ज्याने ती ओळ खोडली, त्याचे ते दोन गुण कापले जाऊ नयेत, एवढी तरतूद अभ्यासमंडळांना येत्या सत्रापासूनही करता येण्याजोगी आहे.