कड कुठे मानायची

वाटूरच्या शिवारात मोजणी आली की आधी हद्दीचा दगड शोधतात. तो सापडला की क्षेत्र निघतं, सातबाऱ्याशी ताडून पाहता येतं. दीर्घिकेला असा दगड नाही. तिचा प्रकाश गाभ्यापासून बाहेर विरळ होत जातो आणि कुठल्याही एका जागी संपत नाही. तरीही माणसाने तिची मोजणी केली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

*

जी गोष्ट आपणहून संपत नाही, तिथे कुठे थांबायचं ते मोजणाऱ्याला ठरवावं लागतं. ठरवलं ते सांगावंही लागतं. थांबण्याची जागा न सांगता दिलेला आकडा निरर्थक असतो.

*

कार्तिकात रात्री नऊच्या सुमारास, वाटूर फाट्यावरच्या दिव्यांपासून लांब एखाद्या वावरात उभं राहिलं, तर देवयानी उत्तरेला बरीच उंच दिसते. त्या तारकासमूहातली दीर्घिका नुसत्या डोळ्यांना जेमतेम एक धूसर ठिपका वाटते. हा ठिपका म्हणजे फक्त तिचा गाभा. बराच वेळ प्रकाश साठवून घेतलेल्या छायाचित्रात तीच दीर्घिका आकाशात पूर्ण चंद्राच्या सहापट रुंद भरते. डोळा जिथे थांबला, तिथे ती थांबलेली नव्हती.

*

खगोलशास्त्रज्ञांनी एक रूढी पाडली. निळ्या प्रकाशात, एक विकला लांब आणि एक विकला रुंद अशा तुकड्याची दीप्ती २५व्या प्रतीच्या ताऱ्याइतकी उतरली, की तिथे दीर्घिकेची कड मानायची. ही कड किती अंधारात पडते पाहा: तिथे रात्रीचं आकाशच दीर्घिकेपेक्षा सुमारे दहापट उजळ असतं. काळ्याकुट्ट रात्रीलाही स्वतःचा उजेड आहे. तो काटेकोरपणे वजा केल्यावरच दीर्घिकेचा उरतो.

स्वीडनच्या एरिक होल्मबर्ग यांनी कड आणखी बाहेर, साडेसव्वीसव्या प्रतीवर धरली. काहीजण कड शोधतच नाहीत. एकूण प्रकाशाचा निम्मा भाग ज्या वर्तुळात मावतो, त्याची त्रिज्या देतात. तिन्ही मापं खरी आहेत आणि तिन्हींचे आकडे वेगळे आहेत.

*

आयसी ११०१ ही सुमारे शंभर कोटी प्रकाशवर्षे दूरची दीर्घिका 'विश्वातली सर्वांत मोठी' म्हणून पुस्तकापुस्तकांत येते. पंचविसाव्या प्रतीची कड धरली तर तिचा व्यास चार ते साडेपाच लाख प्रकाशवर्षे भरतो. भोवतीचा अतिफिका प्रकाश धरला तर तो गाभ्यापासून वीस लाख प्रकाशवर्षांपर्यंत पोचतो. आपली आकाशगंगा ढोबळमानाने एक लाख. मग आयसी ११०१ किती पट मोठी? उत्तराआधी विचारावं, की कुठली कड धरली?

*

मॅलिन १ नावाची दीर्घिका १९८६ साली सापडली. तोवर ती जणू नव्हतीच, कारण तिची तबकडी आकाशापेक्षाही फिकी आहे. आज तिचा व्यास साडेसहा लाख प्रकाशवर्षांच्या घरात मानतात. जे भव्य असतं ते ठळक असतंच असं नाही.

*

दीर्घिकेचा खरा आकार काढायला दुर्बीण आपल्याला फक्त कोन देते. अंतर आपण आणायचं असतं.

१९२३ च्या ऑक्टोबरात एडविन हबल यांना देवयानी दीर्घिकेत एक रूपविकारी तारा सापडला. हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ साली घालून दिलेल्या नियमाने अशा ताऱ्याच्या उजळण्या-मंदावण्याच्या काळावरून त्याचं खरं तेज कळतं, आणि तेजावरून अंतर. हबल यांचं उत्तर आलं सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे. १९५२ साली वॉल्टर बाडे यांनी दाखवलं, की असे तारे दोन जातींचे आहेत आणि हिशेबात त्यांची सरमिसळ झाली आहे. अंतर दुपटीच्या आसपास गेलं. आज ते २५ लाख धरतात.

देवयानीत काहीच बदललं नव्हतं. आपल्या अंतराच्या ज्ञानात दुरुस्ती झाली आणि तेवढ्याने तिचा आकार दुप्पट झाला.

फार दूरच्या दीर्घिकांचं अंतर त्यांच्या वर्णपटातल्या रेषा तांबड्या टोकाकडे किती सरकल्या यावरून काढतात. त्यासाठी लागणारा हबल स्थिरांक एका पद्धतीने ६७ च्या आसपास येतो, दुसरीने ७३. हा वाद मिटलेला नाही. तोवर त्या प्रत्येक दीर्घिकेच्या आकारात आठ-नऊ टक्क्यांची जागा मोकळी ठेवावी लागते. ती मोकळी ठेवणं हीच या शास्त्राची सचोटी.

*

रेडिओ लहरींनी पाहिलं तर मोठेपणाचा हिशेबच बदलतो. काही दीर्घिकांच्या गाभ्यातलं कृष्णविवर दोन विरुद्ध दिशांना झोत फेकतं. डोळ्यांना ते दिसत नाहीत. रेडिओ दुर्बिणीला दिसतात.

अशी एक दुर्बीण आपल्या महाराष्ट्रात आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात मांडलेल्या. तबकडीचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नसून बारीक तारांच्या जाळीचा आहे. लांब लहरींना जाळी पुरते. वारा आरपार जातो, वजन घटतं, खर्च घटतो. गरजेपुरतंच पोलाद वापरलेलं हे यंत्र मला देवळाइतकं सुंदर वाटतं.

२०१४ साली पुण्याच्या आयुकातले जॉयदीप बागची आणि सहकाऱ्यांनी एका सर्पिल दीर्घिकेचा शोध मांडला. तिच्या रेडिओ झोतांचा पसारा ५० लाख प्रकाशवर्षांहून मोठा आहे. सर्पिल दीर्घिकेत असं क्वचितच आढळतं.

२०२४ साली पॉर्फिरियन नावाची अशाच झोतांची जोडी जाहीर झाली. झोतांची लांबी टोकापासून टोकापर्यंत सुमारे २ कोटी ३० लाख प्रकाशवर्षे. तिला टिपलं युरोपातल्या लोफार दुर्बिणीने. पण एवढे लांब झोत नेमके कुठल्या दीर्घिकेतून निघाले, हा पत्ता शोधायला खोडदची जीएमआरटी लागली.

ही लांबीही किमानच. झोत आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर किती कलले आहेत ते कळणं अवघड. आकाशाच्या पटावर उमटते तेवढीच लांबी आपण मोजतो. खरी तेवढी तरी आहेच, बहुधा जास्त.

मग पॉर्फिरियन सर्वांत मोठी दीर्घिका म्हणायची का? माझ्या मते नाही. २ कोटी ३० लाख प्रकाशवर्षे हा त्या दीर्घिकेच्या करणीचा पल्ला आहे. तिची काया वेगळी, आणि ती ताऱ्यांच्या प्रकाशानेच मोजावी. दोन्ही आकडे शेजारी लिहावेत, एकमेकांत मिसळू नयेत.

*

खोडदला २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला प्रदर्शन भरतं आणि मुलांना दुर्बीण पाहता येते. परतूर-मंठ्याच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: सहलीची जागा ठरवताना खोडदचं नाव घ्या. त्याआधी कार्तिकातल्या एखाद्या रात्री मुलांना देवयानीतला तो धूसर ठिपका दाखवा, आणि तो कुठे संपतो ते त्यांनाच ठरवू द्या.