चमत्कार झाला, पुढे काय?



पुनरुत्थानकाळात मिस्सेचे पहिले वाचन जुन्या करारातून नसते. रविवारी काय आणि इतर दिवशी काय, ते ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातून असते. मंदिराच्या दाराशी भीक मागणारा पांगळा उठून चालू लागतो. लोद गावी आठ वर्षे अंथरुणाला खिळलेला ऐनेयास आपला बिछाना आवरतो. यापो येथे दुर्कस पुन्हा डोळे उघडते. हे ऐकताना आपल्या मनात दोन प्रश्न येतात. पहिला, तेव्हा एवढे चमत्कार होत होते, मग आता का होत नाहीत? दुसरा प्रश्न अधिक जिव्हारी लागणारा आहे. आम्ही नोव्हेना केली, उपवास केले, वेलंकनीला जाऊन आलो, तरी आमच्या माणसाला गुण का आला नाही? आमचा विश्वास कमी पडला का?

हा दुसरा प्रश्न आम्हां धर्मगुरूंना चर्चमध्ये कुणी विचारत नाही. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला आम्ही घरी जातो, तेव्हा निघताना दाराशी, हळू आवाजात तो विचारला जातो. म्हणून आज त्याच प्रश्नाला घेऊन आपण आद्य ख्रिस्तसभेकडे जाऊ या.

लुस्त्र हे आजच्या तुर्कस्तानातील कोन्या शहराजवळचे गाव. कोन्या म्हणजेच तेव्हाचे इकुन्य. इ. स. ४७च्या सुमारास पौल आणि बर्णबा तेथे आले. जन्मापासून कधीही न चाललेला एक माणूस पौलाचे बोलणे ऐकत बसला होता. पौलाने त्याला उभे राहायला सांगितले आणि तो उडी मारून उभा राहिला (प्रे. कृ. १४:८-२०). चमत्कार सर्वांसमक्ष झाला. कुणी शंका घेतली नाही. मग गाव ख्रिस्ताकडे वळले का? नाही. लोकांनी बर्णबाला ज्यूस ठरवले, पौलाला हर्मेस ठरवले, आणि ज्यूसचा पुजारी बैल व फुलांच्या माळा घेऊन वेशीपाशी आला!

असे का झाले असावे? त्याच प्रदेशाला लागून असलेल्या फ्रुगियातील एक जुनी कथा ओव्हिड या रोमन कवीने लिहून ठेवली आहे. ज्यूस आणि हर्मेस मनुष्यरूपात आले, कुणी त्यांना घरात घेतले नाही, एका गरीब म्हाताऱ्या जोडप्याने तेवढे घेतले. बाकीचे गाव पाण्याखाली गेले. अशा कथा ज्या मुलखात सांगितल्या जात, तेथील लोकांनी पुन्हा तीच चूक नको म्हणून घाईने बैल आणले असतील, तर त्यात नवल नाही.

येथे तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकलेली एक गोष्ट आम्हांला उपयोगी पडते. घटना एक आणि तिचा अर्थ दुसरा. डोळ्यांना घटना दिसते; अर्थ मात्र मन आपल्या जुन्या समजुतींतून लावते. लुस्त्रकरांनी चमत्कार पाहिला, पण मन तेच ठेवले. त्यांना शक्ती हवी होती आणि त्या शक्तीचा कोप टाळायचा होता. पौल आणि बर्णबा यांनी आपली वस्त्रे फाडली, आपणही तुमच्यासारखीच माणसे आहोत असे ओरडून सांगितले, पाऊस आणि पीक देणाऱ्या जिवंत देवाकडे वळा अशी विनवणी केली. तरी लोकांना बलिदानापासून आवरता आवरता त्यांच्या नाकी नऊ आले. पुढे अंत्युखिया व इकुन्य येथून विरोधक आले, त्यांनी जमावाला फितवले, आणि ज्या गावात गळ्यात माळा पडायच्या होत्या त्याच गावात पौलावर दगड पडले. मेला असे समजून त्याला गावाबाहेर ओढून टाकण्यात आले.

नवलाने जमलेली गर्दी किती टिकते, हे लुस्त्राने आपल्याला दाखवले आहे. शोमरोनातील शिमोनाचेही तसेच. तो बाप्तिस्मा घेऊनही शक्तीच्या मागे राहिला आणि पवित्र आत्म्याच्या दानासाठी पेत्रापुढे पैसे ठेवू लागला (प्रे. कृ. ८:९-२४). धर्मातील पवित्र गोष्टींच्या खरेदी-विक्रीला ख्रिस्तसभेत आजही त्याच्याच नावाने ओळखतात.

पण लुस्त्राची कथा तेथे संपत नाही. पौल उठला आणि पुन्हा त्याच गावात गेला. काही दिवसांनी पुन्हा एकदा तेथे आला आणि शिष्यांना धीर दिला. पुढच्या प्रवासात त्याच परिसरात त्याला एक तरुण भेटला. तो तीमथ्य (प्रे. कृ. १६:१-३). या तीमथ्याचा विश्वास कोठून आला? पौलाच्या नावाने त्याला लिहिलेले पत्र सांगते की तो आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता (२ तीम. १:५). ज्या गावात एवढा मोठा चमत्कार झाला, त्या गावाने ख्रिस्तसभेला दिलेला सर्वांत मोठा सेवक आजीच्या आणि आईच्या श्रद्धेत वाढला! बंधूभगिनींनो, संध्याकाळी रोझरीला नातवंडांना जवळ घेऊन बसणाऱ्या आपल्या आज्या काय करीत आहेत, हे त्यांना कदाचित ठाऊक नसेल.

फिलिप्पै येथेही हेच दिसते. पौल आणि सीला तुरुंगात असताना मध्यरात्री भूकंप झाला, दारे उघडली, बेड्या गळून पडल्या. भूकंपाने अधिकारी काय करायला निघाला? तो तलवार उपसून जीव द्यायला निघाला. कैदी पळून न जाता तेथेच आहेत, आणि जखमी पौल आपल्याला वाचवण्यासाठी हाक मारतो आहे, हे कळल्यावर तो थरथरत आत धावला. त्याने त्यांच्या जखमा धुतल्या, मग बाप्तिस्मा घेतला, मग त्यांना घरी जेवू घातले (प्रे. कृ. १६:२५-३४). भूकंपाने दारे उघडली, पण त्या माणसाचे मन उघडले ते शत्रूच्या प्रेमाने.

आता तो दाराशी विचारलेला प्रश्न. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन आजाऱ्यांना लावले तर ते बरे होत (प्रे. कृ. १९:१२), त्याच पौलाचा सोबती त्रफिम आजारी पडला आणि त्याला मिलेत येथे तसेच मागे ठेवावे लागले (२ तीम. ४:२०). लाडक्या तीमथ्याचे पोट वरचेवर बिघडे. त्यासाठी पत्रात काय सांगितले आहे? थोडा द्राक्षारस घ्यावा, असा घरगुती उपाय (१ तीम. ५:२३). त्याच्यासोबत लूक होता आणि लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४). स्वतः पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा प्रार्थना केली. काटा गेला नाही, कृपा मिळाली (२ करिंथ. १२:७-९). सांगा, पौलाचा विश्वास कमी होता का? त्रफिमाचा कमी होता का?

म्हणून आम्ही आपणांस कळकळीने विनंती करतो. आजाऱ्याच्या उशाशी बसून ‘तुमचा विश्वास कमी पडतो’ असे कुणीही म्हणू नये. प्रार्थनागटाने म्हणू नये, नातेवाइकांनी म्हणू नये, आम्ही धर्मगुरूंनी तर मुळीच म्हणू नये. दुखण्याने वाकलेल्या माणसाच्या पाठीवर हे आणखी एक ओझे ठेवणे आहे. आणि प्रार्थनेला बसलो म्हणून औषध बंद करणे ही श्रद्धा नव्हे.

मग चमत्कार होतच नाहीत का? तसेही नाही. संत ऑगस्टीन यांनी इ. स. ३९०च्या सुमारास लिहिले होते की पूर्वीसारखे चमत्कार आता चालू ठेवलेले नाहीत, नाहीतर मन दिसणाऱ्या गोष्टींच्याच मागे लागले असते. पुढे बिशप झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हिप्पो शहरात बरे झालेली माणसे पाहिली. ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात ते सांगतात की संत स्तेफन यांच्या अवशेषांचे स्थान तेथे होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, तोवर लेखी नोंदी सत्तरच्या जवळपास पोहोचल्या होत्या. त्यांनी बऱ्या झालेल्यांकडून हकिगत लिहून घेतली आणि ती मिस्सेत वाचली जावी अशी व्यवस्था केली. पण त्यांचे स्वतःचे मनपरिवर्तन इ. स. ३८६ मध्ये मिलान येथे झाले ते बागेत, रडत, पवित्र शास्त्राचे एक पान वाचून. आणि त्यामागे आई मोनिका हिची कित्येक वर्षांची आसवे होती.

त्याआधी, तिसऱ्या शतकाच्या मध्याला, रोमन साम्राज्यात भयंकर साथ आली. अलेक्झांड्रियाचे बिशप दिओनिसियस यांच्या पत्रातून कळते की लोक आजारी आप्तांनाही रस्त्यावर टाकीत होते, आणि अनेक ख्रिस्ती जन आजाऱ्यांची सेवा करता करता स्वतः मरत होते. कार्थेजमध्ये संत सिप्रियन आपल्या लोकांना सांगत होते की केवळ आपल्याच माणसांना मदत करून भागणार नाही, छळणाऱ्यांनाही करा. त्या खाटांशेजारी बसलेल्यांपैकी कितीतरी जण वाचले नाहीत. तरीही पुढच्या शतकात सम्राट ज्युलियन, जो ख्रिस्ती धर्म सोडून गेला होता, तोच तक्रार करीत होता की हे गालीली लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात!

बंधूभगिनींनो, चमत्कार हे परमेश्वराचे दान आहे. ते मागावे, मिळाले तर आभार मानावेत. पण दुसऱ्याच्या उशाशी जागणे आपल्या हातात आहे. या आठवड्यात आपल्या वाडीतील एका तरी आजाऱ्याच्या घरी जाऊ या. उपदेश न करता तासभर बसू या, त्याच्या घरच्यांना तेवढीच झोप मिळू द्या. तैलाभ्यंग संस्कार अखेरच्या घटकेसाठी राखून ठेवू नका; गंभीर आजार कळताच आम्हांला निरोप पाठवा.

त्रफिमाला मागे ठेवताना पौलाला काय वाटले असेल, हे पत्रात लिहिलेले नाही. पण मिलेतमध्ये कुणीतरी त्याला घरात घेतले असेल, पाणी दिले असेल, रात्री दिवा लावून त्याच्याजवळ बसले असेल. त्या अनामिकांची ख्रिस्तसभा ती हीच. प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.