रिकाम्या टाकीसमोर

आज फक्त बसायचं आहे. डोळे टाकीच्या उंचीला येतील अशी खुर्ची ओढून घ्या. समोर दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच काच. आत पाणी, वाळू, चार खडक. मासा एकही नाही. मग बघायचं काय, असं मनात येईल. येऊ द्या, आणि बसून राहा.

आधी पाणी बघा. एवढ्या टाकीत काठोकाठ 56 लिटर मावतं. लिटरला 35 ग्रॅम या हिशेबानं जवळजवळ दोन किलो मीठ तुम्ही त्यात विरघळवलंय. स्वयंपाकघरातलं नव्हे, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम असलेलं, खास समुद्री टाकीसाठी मिळणारं. काल पाणी दुधाळ होतं, आज वाळूचा कण न् कण दिसतोय. मुंबईकराला किनाऱ्यावरूनच बादली भरून आणावीशी वाटते. पण तिथे शहराचं सांडपाणी मिसळतं आणि पावसाळ्यात खारटपणाही उतरतो. त्यापेक्षा आरओचं पाणी आणि विकतचं मीठ बरं.

आता नजर वर न्या. पाणी जिथवर आहे तिथे काचेवर मार्करनं रेघ मारा. उद्या याच वेळी बसाल तेव्हा पाणी रेघेखाली उतरलेलं असेल. गेलं ते निव्वळ पाणी, मीठ सगळं आतच. कुणी हात न लावता टाकी रोज थोडी जास्त खारट होत असते. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, आणि नवख्याचा हात नेमका इथे अडखळतो: समुद्रात गोडं पाणी कसं ओतायचं? ओता. तांब्याभर घ्या, बारीक धार धरा आणि धार पडते तिथे बघत राहा. गोडं पाणी हलकं, खारं जड. दोन्ही मिसळताना क्षणभर तेलकट, थरथरत्या रेषा उठतात, मग विरून जातात. मोठ्या टाकीत तांब्याभर पाण्यानं काही बिघडत नाही, लहान टाकीत लगेच फरक पडतो. ‘सुरुवातीला छोटीच घेऊ, सोपी जाईल’ हा हिशेब म्हणूनच मला उलटा वाटतो. छोटीच घेतली असेल, तर ही रेघ रोज बघावी लागेल.

डोळे मिटा. पंपाची घरघर ऐका. 1846 साली अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आपल्या घरी आणले, तेव्हा असा पंप नव्हता. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहायची. (नाव अर्थात मालकिणीचं झालं.) तुमच्याकडे वीज गेली की हेच काम कोण करणार, याचा विचार आत्ताच करा. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या.

डोळे उघडा आणि खडकांकडे बघा. खडक जितका सच्छिद्र तितकी आत वस्ती जास्त. एका जातीचे जीवाणू विषारी अमोनियाचं नायट्राइट करतात. दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बरंच कमी घातक असतं. मुरलेल्या टाकीतला एखादा खडक आणून ठेवला तर विरजणासारखा उपयोगी पडतो. तरी ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे धराच. जीवाणूंना खायला थोडा अमोनिया घालावा लागतो. परीक्षानळीत टाकीतलं पाणी घ्या, अमोनिया तपासायचे थेंब टाका, हलवा, उजेडात धरा. हिरवी नळी दिसली की अमोनिया आहे; पुढे एक दिवस ती पिवळीच राहते. मग नायट्राइटही शून्यावर येईपर्यंत थांबा. मधेच वाळूवर तपकिरी साय धरेल. ते डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल, नव्या टाकीत येतातच. घाबरून सगळं धुऊन काढू नका.

आता माशाचा विचार करायला हरकत नाही. समुद्रातून काढलेला जिवंत प्रवाळ कुणी देऊ केला तर घेऊ नका. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यानं 2001 पासून त्याला मनाई आहे. क्लाउनफिश मात्र समुद्रातून पकडण्याची गरज उरलेली नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं विझिंजम आणि मंडपमच्या केंद्रांत त्यांची पैदास करून दाखवली आहे. दुकानात गेलात की किमतीआधी विचारा: हा मासा हॅचरीतला आहे का?