कुजलेल्या भुशाचा हिशेब

कोलाडच्या पावसात लाकूड उघड्यावर पडलं की बुरशी त्याला गाठतेच. आंब्याची फळी लवकर जाते, साग तग धरतो. वखारवाला कुजीला नुकसानच म्हणणार. पण ज्याला भुशाचं जैवतेल करायचं आहे, त्यानं आधी पाहावं की लाकडातलं नेमकं काय कुजलं.

हवा न देता भुसा झटकन 500 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायचा आणि निघालेली वाफ एक-दोन सेकंदांत थंड करायची. वजनाच्या 60-70 टक्के काळपट, धुरकट वासाचा द्रव हाती येतो. उरतो तो कोळसा आणि वायू. याला तेल म्हणणं जरा उदारपणाचंच. त्यात जवळपास चौथाई पाणी असतं, लोखंड खाण्याइतका आंबटपणा असतो आणि उष्णता डिझेलच्या निम्म्याहून कमी.

लाकडातल्या सेल्युलोजमधून या तेलात साखरेच्या जातीची संयुगं उतरतात. लिग्निनमधून फिनॉलं येतात, शिवाय कोळसाही जास्त पडतो. इथं बुरशीची निवड महत्त्वाची ठरते. पांढरी कूज लिग्निन फोडते. तपकिरी कूज सेल्युलोज फस्त करून लिग्निन बहुतेक तसंच ठेवते; असं लाकूड चौकोनी ढेकळांत तडकतं आणि बोटांत चुरतं. प्लायवूडच्या डिंकासाठी फिनॉलं हवी असतील तर तपकिरी कूज कामाची, साखरेची संयुगं हवी असतील तर पांढरी. त्यातही सगळ्या पांढऱ्या बुरशा भरवशाच्या नाहीत. बऱ्याच जणी लिग्निनबरोबर सेल्युलोजही खातात. सेरिपोरिऑप्सिससारख्या थोड्याच आधी लिग्निनकडे वळतात.

फसगत होते ती हिशेबात. समजा, 100 किलो कोरड्या भुशातून 60 किलो तेल निघतं. बुरशीनं त्यातला 15 किलो भुसा खाल्ला आणि उरलेल्या 85 किलोंचा उतारा 65 टक्क्यांवर गेला. टक्का वाढलेला दिसतो, तेल मात्र सव्वापंचावन्न किलोच. म्हणून उतारा मूळ भुशावर मोजावा, कुजवलेल्यावर नव्हे. तेलाचा दर्जा तेवढा सुधारला असेल तरच हा तोटा परवडतो.

त्यात बुरशीला ओल हवी आणि भट्टीला 10 टक्क्यांहून कमी ओलावा. पावसाळ्यात वाळवणीला इंधन जाळलं, तर मिळवलेलं तिथंच जातं. त्यापेक्षा सप्टेंबरात शेडखाली, निवडलेली बुरशी सोडून काही आठवडेच भुसा कुजवावा आणि ऑक्टोबरच्या उन्हात पसरावा. कोलाडला ते ऊन फुकट मिळतं.