फसलेल्याचा दोष किती?



आपल्यातील कोणाचे पैसे फसवणुकीत गेले, की आपल्या तोंडून पहिले वाक्य निघते, ‘लोभ नडला.’ पण खरोखर लोभच नडला का? हा प्रश्न आज आपण स्वतःला विचारू या.

हल्ली मोबाईलवर असा संदेश येतो : ‘तुमच्या खात्यातील नऊ हजार रुपयांचे रिवॉर्ड पॉइंट आज रात्री बारा वाजता संपणार. लगेच पैसे मिळवा.’ खाली लिंक किंवा ‘एपीके’ फाईल असते. लिंक उघडली की बँकेसारखेच दिसणारे पान येते. त्यात कार्डाचा क्रमांक, मागचे तीन आकडे आणि शेवटी ओटीपी मागतात. फाईल घेतली, तर ती फोनमध्ये ठाण मांडते आणि आलेले ओटीपी परस्पर चोराकडे पाठवू शकते. २०२४ साली स्टेट बँकेच्या नावाने असे संदेश पसरले, तेव्हा केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने जाहीर इशारा दिला, की बँक अशा लिंक वा एपीके फाईल एसएमएस किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत नाही.

आता विचार करू या. रिवॉर्ड पॉइंट म्हणजे लॉटरी नव्हे. ते आपल्याच खर्चावर जमतात. आपले आहे ते वाया जाऊ नये असे वाटणे हा लोभ नव्हे, ती काटकसर आहे. उरलेल्या भाकरीचा कुस्करा करणारी आपली आजी हेच करते. चोर नेमका या सद्‌गुणाला गळ लावतो. म्हणूनच लॉटरीच्या संदेशाला हसणारा शहाणा माणूसही येथे फसतो.

मग फसलेल्याचा काहीच दोष नाही? थोडा आहे, तो घाईचा. दूधवाल्यावर आपण विश्वास ठेवतो तो वर्षानुवर्षांच्या ओळखीने. ओळख न पटवता ठेवलेला विश्वास ही बेसावधी होय. ‘आज रात्रीपर्यंतच’ हे शब्द आपल्याला विचारासाठी वेळ मिळू नये म्हणूनच लिहिलेले असतात. तेव्हा लिंक दाबू नये. पॉइंट आहेत की नाहीत ते बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये किंवा शाखेत जाऊन पाहावे. बँकांनी आपल्या संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट बँक डॉट इन’ असा करावा, यासाठी रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. पत्त्याचा हा शेवट नीट पाहावा. आणि पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच द्यावा लागत नाही.

पण दोष आपलाही असतो. आलेला संदेश न तपासता आपण नातेवाइकांच्या गटावर पुढे पाठवतो. अनोळखी क्रमांकावर ज्याने विश्वास ठेवला नसता, तो आपल्या नावावर ठेवतो. दुसरा दोष आपल्या हसण्याचा. हसतील या भीतीने फसलेला माणूस गप्प बसतो, मुलांनाही सांगत नाही. या गप्प बसण्याची किंमत रुपयांत मोजावी लागते. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटले होते, की ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे; कळवल्यानंतरचे बँकेचे. १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार केली, तर गेलेली रक्कम वाटेत अडवली जाण्याचीही शक्यता असते. दिवस गेले की ती आशा मावळते.

कायद्याने गुन्हेगार चोरच आहे. फसलेला मनुष्य आपला शेजारी आहे. त्याला ‘कसा काय फसलास?’ असे विचारण्याआधी ‘बँकेला कळवलेस का?’ असे विचारू या.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. पण ठेच लागलेल्याने ‘येथे दगड आहे’ असे सांगितले, तरच मागचा शहाणा होतो. त्याला ते सांगण्याचे धैर्य व्हावे, इतका आधार आपण त्याला देऊ या.